आईचं मौन

दक्षिण दिल्लीत अलकनंदा नावाची वसाहत आहे. ती अलकनंदा रिसबूड यांच्या नावावरून वसवलेली नाही, हे अलकनंदाबाईंना पक्कं माहीत होतं. पण कुणी गमतीनं तसं म्हटलं की त्या नुसत्या हसत, आणि त्या हसण्याला खुलासा म्हणता आलं नसतं.

त्या राहायच्या मयूर विहारला. यमुनापार महाराष्ट्र मंडळाचा एकही कार्यक्रम त्यांच्या सूत्रसंचालनाशिवाय झाला नाही. गणपतीत आरती संपली की देव बसून राहायचा आणि बाई बोलायच्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. दिल्लीत पन्नास वर्षं काढूनही त्यांच्या ‘ण’चा ‘न’ झाला नव्हता. यजमान विनय रिसबूड केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. कार्यक्रमाला ते शेवटच्या रांगेत, बाईंची पर्स मांडीवर घेऊन बसायचे.

ही गोष्ट मात्र त्यांच्या एकुलत्या एका मुलीची, रुचिराची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण अलकनंदाबाई ज्या गोष्टीत असतात तिथे ते मागाहून लक्षात राहत नाही.

रुचिरा आठ वर्षांची असताना मंडळाचा बालमेळावा झाला. माइक अर्थातच आईच्या हातात. तिनं एकेका मुलाला पुढे बोलावलं, शेवटी स्वतःच्या मुलीला, आणि विचारलं, “सांगा बरं रुचिराताई, आईनं तुम्हाला काय काय दिलं?” उत्तर घरी पाठ करून घेतलं होतं. त्यात ‘संस्कार’ होता, ‘वात्सल्य’ होतं. समोर एवढी माणसं बघून रुचिरा ते विसरली आणि तिनं स्वतःच्या मनातलं, स्वतःच्या शब्दांत सांगितलं.

“आईने मला खूप शिक्षा दिली. अजून पण देते.”

दिल्लीच्या शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी शिक्षा म्हणजे शिक्षण. शाळेच्या भिंतीवर तोच शब्द रंगवलेला होता, हिंदीच्या पुस्तकात त्यावर धडा होता. पण सभागृह महाराष्ट्राचं होतं. क्षणभर कुणाला काही कळेना, मग असा हशा उसळला की तबलजीनं आपणहून थाप दिली. सगळ्यांत मोठ्यानं अलकनंदाबाई हसल्या. “बघा, ही आमची दिल्लीची प्रजा!” म्हणाल्या, आणि कार्यक्रम पुढे गेला.

परतताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं साडी बदलली, दागिने कपाटात ठेवले आणि ती बोलायची थांबली. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. रुचिरा समोर आली की आई तिच्यातून आरपार, मागच्या भिंतीकडे बघायची. रुचिरानं एकदा वळून भिंतीवर काय आहे तेही पाहिलं. कॅलेंडर होतं.

“बाबा, आईला काय झालं?”

बाबा स्वयंपाकघरात खिचडी टाकत होते. त्यांनी दार लोटलं, कुकरची शिटी बसवली आणि म्हणाले, “काही नाही गं. आईचं मौन आहे.”

साधू मौन पाळतात, मोठमोठी माणसं पाळतात, हे रुचिरानं वाचलं होतं. आपली आईही पाळते म्हटल्यावर तिला जरा अभिमानच वाटला. शेजारच्या खुराना आंटींनी “बेटा, मम्मी दिखती नहीं?” विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं, “मम्मी का मौन चल रहा है.” खुराना आंटी हेलावल्या. दुपारी त्या डोक्यावर पदर घेऊन केळी आणि सफरचंदं घेऊन आल्या आणि बाईंच्या पाया पडल्या. बाईंनी मौन न मोडता आशीर्वाद दिला. पुढची अनेक वर्षं त्या जिन्यात खुराना आंटी अलकनंदाबाईंना ‘माताजी’ म्हणायच्या. वयानं आंटीच मोठ्या होत्या.

आठवडा उलटला. बाबा म्हणाले, “जा, आईला म्हण, माझं चुकलं.”

रुचिरा गेली. “आई, माझं चुकलं.”

“काय चुकलं?”

हा प्रश्न बाबांनी सांगितला नव्हता. रुचिरानं विचार केला. “मी मौनात मोठ्याने बोलले.”

आई परत भिंतीकडे बघू लागली.

“डब्यातली भाजी ठेवली.” भिंत. “चप्पल आत आणली.” भिंत. “खुराना आंटींना सांगितलं.” भिंत. शेवटी घरातलं सगळं संपल्यावर तिला मेळावा आठवला. “मी स्टेजवर शिक्षा म्हटलं.”

“चारचौघांत,” आई म्हणाली. “चारचौघांत घालवलीस माझी.” आणि लगेच, जणू मध्ये काही झालंच नव्हतं, “जा, वेणी घालायला फणी आण.” कंघीला फणी म्हणायचं असतं हेही तिनं तेव्हाच सांगितलं.

आपली चूक नक्की काय ते फक्त आईला माहीत असतं, आपण नुसत्या जुडग्यातल्या किल्ल्या लावून बघायच्या, एवढं रुचिरा त्या दिवशी शिकली. त्या अर्थानं आईनं तिला शिक्षा दिली म्हणणं दोन्ही भाषांत बरोबर होतं.

पुढे मौन येत राहिलं. दहावीला आईच्या मैत्रिणीच्या मुलीपेक्षा कमी मार्क पडले तेव्हा. केस कापले तेव्हा. खुराना आंटींचा राजमा छान झाला म्हटलं तेव्हा तर विशेष लांबलं. दर वेळी बाबा दार लोटून खिचडी टाकायचे, दर वेळी ‘मौन’ म्हणायचे, आणि दर वेळी रुचिरा जुडगा घेऊन आत जायची. हळूहळू तिचा हात इतका बसला की तिसऱ्या-चौथ्या किल्लीतच कुलूप उघडायचं.

बालमेळाव्याचा किस्सा मात्र आईनं टाकून दिला नाही. दोनेक वर्षांनी तो तिच्या सूत्रसंचालनात आला आणि तिथेच राहिला. दर गणपतीत, दर कोजागरीला. त्यात सुधारणा होत गेल्या. आठ वर्षांची रुचिरा साडेतीन वर्षांची झाली, बोबडी झाली, ‘थिक्षा’ म्हणू लागली. शेवटी “मी तिला तिथल्या तिथे उचलून पापा घेतला हो!” असं यायचं आणि टाळी पडायची. किस्सा सुरू झाला की आम्ही मंडळातले सगळे माना वळवून रुचिराला शोधायचो. ती हसायची. तिनं चाळिशी ओलांडली तरी शोधायचो, तरी हसायची.

शिकून ती गुरुग्रामला एका कंपनीच्या ग्राहक तक्रार विभागात लागली. काम म्हणजे चिडलेल्या लोकांना माफीचे मेल लिहायचे. चूक कुणाची हे न विचारता, कबूलही न करता, पण समोरच्याचं समाधान होईल अशी माफी मागायची. तिच्या विभागातली इतर मुलं वर्षभरात पळून जायची. रुचिराला बढत्या मिळत गेल्या. शिवाय साहेब म्हणायचे की हे टॅलेंट उपजत लागतं, शिकवून येत नाही.

मधे लग्नही झालं. मानस मिश्रा, लखनौचा, सरळ मनुष्य. ऑफिसातून आल्यावर त्याला तासभर गप्प बसून पेपर वाचायला आवडायचं. त्या तासात रुचिरा तीनदा चहा विचारायची आणि मग समोर उभी राहून म्हणायची, “सॉरी.”

“किस बात का?”

हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. ती यादी सुरू करायची. मानस आधी हसला, मग त्यानं समजावलं, मग तो बाहेरूनच पेपर वाचून येऊ लागला. वेगळं होताना तो म्हणाला, “यार रुचिरा, तू माफी मुझसे नहीं माँगती. पता नहीं किससे माँगती है.” त्यावरही ती सॉरी म्हणाली. अलकनंदाबाईंनी मंडळात सांगितलं की मुलीच्या घटस्फोटाचं दुःख एका आईनं कसं गिळायचं असतं. ऐकणाऱ्या दोघी रडल्या. बाबा गेले तेव्हा शोकसभेचं सूत्रसंचालनही बाईंनीच केलं.

तर आता पंचाहत्तरी. मंडळानं पटपडगंजच्या एका सोसायटीचा हॉल घेतला, शाल-श्रीफळ ठरलं, आणि ‘माझी आई, माझी गुरू’ या विषयावर रुचिराचं मनोगत ठरलं. मनोगत आईनंच लिहून पाठवलं होतं. टाइप करून, व्हॉट्सॲपवर. मधे दोन ठिकाणी कंसात ‘थांबणे’ होतं आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘आवंढा’. शिक्षेचा किस्सा होताच. फक्त या वेळी तो रुचिरानं स्वतःच्या तोंडानं सांगायचा होता, बोबडा.

तिनं आईला फोन केला. “आई, मनोगत छान आहे. ती शिक्षावाली गोष्ट काढू या का?”

“का?”

“मला नाही आवडत ती.”

“बरं,” आई म्हणाली, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन उचलला गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मंडळाच्या खजिनदार शालिनीकाकूंचा फोन आला. “अगं रुचिरा, काय केलंस तू? अलकनंदाताई जेवतसुद्धा नाहीयेत म्हणे.”

“काकू, मी काहीच नाही केलं. फक्त एक गोष्ट—”

“अगं, एक सॉरी म्हण आणि विषय संपव. पंचाहत्तरी काय दोनदा येते? आई आहे ती शेवटी.”

काकूंचं बरोबर होतं. दोन मिनिटांचं काम होतं. मयूर विहारला जायचं, दारात उभं राहायचं, ‘माझं चुकलं’ म्हणायचं. या वेळी तर किल्ली शोधायचीही गरज नव्हती. आणि नाही म्हटलं, तर या दोन-अडीच कोटींच्या शहरात ज्याला आपलं म्हणावं असं दुसरं माणूस तिच्याकडे नव्हतं. बाबा नव्हते, मानस नव्हता. मैत्रिणी करायच्या वयात ती किल्ल्या लावत होती.

कंपनीनं कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक ठेवली होती. रुचिरा तिच्याशी ऑनलाइन दोनदा बोलली होती. समुपदेशक हिंदी-इंग्लिशमध्ये प्रेमानं म्हणाली होती की तुमची मदर क्लासिक नार्सिसिस्ट आहे. रुचिरानं मराठीत त्याला काय म्हणतात ते शोधलं. ‘आत्ममग्न’ असा शब्द मिळाला. तो तिला फारच सुरेख वाटला, आईला आवडला असता असा. त्यानं काही सुटलं नाही. इतका मोठा शब्द घरात ठेवायचा कुठे, हाच प्रश्न.

दुपारी ती ऑफिसात आईला मेसेज लिहीत बसली होती. बोटं सवयीनं चालत होती. शेजारच्या टेबलावर कादंबरी नावाची एक मुलगी होती, पुण्याहून सहा-आठ महिन्यांपूर्वी आलेली. आख्ख्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या या दोघीच.

“रुचिराताई, जेवायला चला ना.”

“मन नाहीये यार. आईचं मौन चालू आहे.”

“अरे वा. विपश्यना वगैरे?”

“नाही गं. माझ्यावर आहे.”

कादंबरी डब्याचं झाकण अर्धं उघडून थांबली. “तुमच्यावर मौन? म्हणजे... अबोला धरलाय का?”

“काय धरलंय?”

“अबोला.”

“वो क्या होता है?”

“अहो ताई, अबोला! कट्टी माहितीये ना?”

“कट्टी माहितीये.”

“मोठ्या माणसांची कट्टी म्हणजे अबोला. आमची आत्या आणि काका, दोन वर्षं अबोला. एकाच घरात! काका गॅलरीत उभे राहून कुत्र्याला सांगायचे, ‘सांग बाबा, पोळी करपली म्हणावं.’ कुत्रा मेला तेव्हा पंचाईत झाली. बोलावंच लागलं.”

रुचिरा हसली नाही. “नाही, पण आईचं ते मौन असतं. बाबा तसंच म्हणायचे. लहानपणापासून.”

“मौन देवासाठी असतं हो ताई. अबोला कुणाशी तरी असतो.” कादंबरीनं झाकण पूर्ण उघडलं. “श्शी, परत भेंडी.”

तिच्यासाठी तेवढंच झालं होतं.

रुचिरा तो शब्द तोंडात घोळवत बसली. ‘बाल’ नाही, ‘केस’ म्हण. ‘चम्मच’ नाही, ‘चमचा’. ‘भटकलो’ नाही, ‘वाट चुकलो’. जन्मभर आईनं तिचा एकेक शब्द वेचून स्वच्छ केला होता, आणि घरात सगळ्यांत जास्त वापरातला होता तोच शिकवायचा राहिला होता. बाबा तर वाईचे. त्यांना हा शब्द येत नव्हता असं होणार नाही. पण कुकरशी उभं राहून, आठ वर्षांच्या पोरीकडे बघून, तो त्यांच्यानं उच्चारला गेला नसणार. त्याऐवजी त्यांनी तिला एक पवित्र शब्द दिला. मुलीला लागू नये म्हणून. आणि पवित्र म्हटल्यावर तिनं कधी विचारलंच नाही की हे कुणाशी चाललंय, का चाललंय. नुसते हात जोडले.

तिला बाबांचा राग आला. हा तिच्या आयुष्यातला नवीनच प्रकार होता आणि मेलेल्या माणसावर करायचा असल्यामुळे काहीसा गैरसोयीचा.

मेसेज तिनं पुसला. मयूर विहारला गेली नाही.

पंचाहत्तरी थाटात झाली. आम्ही सगळे होतो. रुचिरा दिसत नाही म्हणून कुजबूज सुरू झाली, तेव्हा अलकनंदाबाईंनी माइक घेतला आणि सांगितलं की तिला कंपनीनं तातडीनं सिंगापूरला पाठवलंय, पोरगी फोनवर फार रडली, पण कर्तव्य आधी. तिनं पाठवलेलं मनोगत मीच वाचून दाखवते. आणि त्यांनी ते वाचलं. ‘माझी आई म्हणजे एक तेवती समई’ असं स्वतःबद्दल वाचताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. जिथे हलायला हवा होता तिथेच, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, हलला. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी रुचिरा गुरुग्रामच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये होती. तिनं कपडे धुतले. वाळत घातले. परत एकदा खाली जाऊन दूध आणलं, घरात दूध असताना.

महिन्याभरानं आयएनए मार्केटात तिला शालिनीकाकू भेटल्या. “अय्या, सिंगापूरहून कधी आलीस?”

“मी गेलेच नव्हते, काकू.”

काकूंनी हातातला नारळ हलवून पाहिला, पाणी आहे का ते. “असं होय,” म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “पण मग आता तरी फोन कर. तिचा स्वभावच तसा. तूच समजून घ्यायचं.”

“आमचा अबोला आहे,” रुचिरा म्हणाली.

“कुणी धरलाय?”

काकूंना उत्तर नको होतं, त्या भाव करू लागल्या. पण मेट्रोत रुचिरा तोच विचार करत होती. धरला आईनं, हे नक्की. पण आता सोडत नव्हतं कोण?

स्वतःला सावरणं, बरं होणं म्हणतात, ते एखाद्या सणासारखं असेल असं तिला वाटलं होतं. होतं ते रविवारसारखं. कुणी रागावलेलं नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं. तिला कुठली भाजी आवडते हे तिलाच माहीत नव्हतं, त्यामुळे ती एकेक आणून बघायची. शिवाय एक गोष्ट तिनं हिशेबात धरली नव्हती. कादंबरीला पुण्यात नोकरी मिळाली, ती गेली, आणि त्यानंतर रुचिराशी मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. मराठी तिला फक्त आईकडून मिळायची, तीही चुका काढून. आता चुका काढायलाही कुणी नव्हतं. एकदा भांडी घासताना ती मोठ्यानं ‘फणी’ म्हणाली, शब्द अजून आहे का ते बघायला.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती मयूर विहारला गेली. आईनं दार उघडलं, तिच्यातून आरपार जिन्याकडे पाहिलं आणि आत जाऊन टीव्हीसमोर बसली. दार उघडंच ठेवलं. उंबऱ्यात रुचिराच्या तोंडात ते वाक्य आलं, सवयीनं, दोन शब्दांचं. ते तिनं म्हटलं नाही. त्या जागी म्हणायला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणाली, “थंडी आहे आज.”

भिंत.

तिनं चहा केला. एक कप आईजवळ ठेवला, दुसरा घेऊन समोर बसली. ऑफिस सेक्टर बदलून लांब गेलंय, हे सांगितलं. खुराना आंटींच्या नातवाचं लग्न ठरलंय असं खाली कळलं, तेही. कुणी उत्तर देत नसताना बोलत राहणं तिनं पूर्वी कधी केलं नव्हतं. वाटलं होतं तेवढं कठीण नव्हतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा जास्त एकटं होतं. आईच्या हाताच्या शिरा वर आलेल्या दिसल्या. बांगडी मनगटावरून कोपराकडे घसरत होती.

“साखर फार झालीये,” आई म्हणाली.

रुचिरानं मागे वळून पाहिलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. माफीशिवाय आई बोलली होती, आणि जे बोलली त्यात परत एक कुलूप होतंच. आई तिच्याकडे बघत नव्हती, पण ऐकत होती. टीव्हीचा आवाज तिनं कमी केला होता.

रुचिरानं आपल्या कपातला एक घोट घेतला आणि नीट चव बघितली.

“मला ठीक वाटतेय,” ती म्हणाली.

आईनं कप टेबलावर ठेवला. टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर त्या दिवशी ती काही बोलली नाही. रुचिरानं स्वतःचा चहा संपवला, स्वतःचा कप विसळला. आईचा अर्धा राहिला होता, तो तसाच ठेवला. निघताना तिनं “येते” म्हटलं, जरा मोठ्यानं, टीव्हीच्या वर जाईल इतक्या.

राजीव चौकला गाडी बदलताना गर्दीनं तिला आपोआप उतरवलं, जिना चढवला, दुसऱ्या गाडीत ढकललं. पुढच्या रविवारी जायचं की नाही, हे तिनं गुरुग्राम येईपर्यंत ठरवलं नाही. ठरवच असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं.